परत ठेवलेला कागद

ग्रीनफर्ड, अलाबामा
सोमवार, ४ ऑक्टोबर १९९३

प्रिय थर्मन,

तू, लोरीन आणि मुलं मजेत असाल. आईच्या गुडघ्यांना डेट्रॉइटची थंडी आत्तापासूनच बोचायला लागली असणार. तिला म्हणावं, मागच्या अंगणातलं पिकॅनचं झाड यंदा लगडलंय आणि मी आळशासारखी अर्धी फळं खारींना खाऊ देतेय. ती तिथून ओरडेल, ते मला इथे ऐकू येईल.

माझं काम चाललंय. मिस युला टॉलिव्हर गेल्या हिवाळ्यात गेल्या आणि त्यांचे कागद आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत आले, हे तुला माहीतच आहे. अठ्ठावन्न खोकी. कविता, भाषणं, अटकेची वॉरंटं, किराणा दुकानाच्या याद्या, सगळं एकत्र. बाईंनी मृत्युपत्रात आईचं नाव घालून स्पष्ट लिहून ठेवलंय, "हे कागद व्हर्डेलच्या मुलीनं लावावेत." आमच्या साहेबांना ते फारसं रुचलं नाही, पण करतात काय! मी रोज सकाळी एक खोकं उघडते, गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा काढते, पानं मोजते आणि फाइलीवर पेन्सिलीनं आकडा घालते. त्या खोलीत पेनला बंदी आहे. शाई एकदा सांडली की तो कागद कायमचा गेला.

बाईंची एक खोड तुला सांगायलाच हवी. कविता छापून आल्यावरसुद्धा त्या एकोणीस वर्षं इथल्या आपल्या काळ्या लोकांच्या लायब्ररीच्या काउंटरवर बसल्या होत्या ना, ती सवय घरीही सुटली नाही. स्वतःच्या कपाटातला एक कागद कुणाला दिला तरी त्याच्या जागी पिवळी चिठ्ठी ठेवायच्या: काय घेतलं, कुणी, कधी, परत कधी. कागद परत आला की चिठ्ठी काढून टाकायच्या. काही तशाच राहिल्यात. एक आहे, "रताळ्याच्या गोड पाय-पेस्ट्रीची कृती. सिस्टर वॉर्डलॉ. एप्रिल १९६२. परत: आली नाही, आणि मी विसरलेले नाही." खोलीत एकटी असताना मी मोठ्यानं हसले.

एकटी म्हटलं, पण खोली तशी रिकामी वाटत नाही. बाई लवंग चघळायच्या, आठवतं? त्यांच्या मागच्या रांगेत बसलो की प्रार्थनाभर तो वास यायचा. दुपारी दोनच्या सुमाराला, ऊन खिडकीत आलं की, तो वास येतो. जुन्या कागदांना वास येतातच, मला कळतं. पण सकाळी का नाही येत?

आणखी एक गोष्ट झाली. एकेचाळिसाव्या खोक्यात "एल. पी." अशी फाइल आहे. बुधवारी मी पानं मोजली. एकतीस. आकडा घातला. खोलीला कुलूप लावलं, किल्ली माझ्याच गळ्यात. गुरुवारी पुन्हा मोजली, तर एकतीस भरली. थर्मन, मी घाबरून फाइल मिटली. मी खुर्चीत बसले ती तासभर उठले नाही.

तू म्हणशील, आकडा जुळला तर घाबरायचं काय? बरोबर आहे तुझं. सोडून दे.

काल ब्रदर ओडम आले होते, पोतंभर रताळी घेऊन. आल्याबरोबर सुरू, "काय गं पोरी, म्हातारी अजून धाकात ठेवते की नाही तुला? मेल्यावरसुद्धा कामाला जुंपलंन बघ!" मग टोपी काढून, तो एकच डोळा माझ्यावर रोखून म्हणाले, "पाटी बघितलीस का? ल्युशियस पिकेन्स हॉल. अक्षरं मी निवडलीयेत. तुझ्या बापानं मिस युलांची गाडी चालवली तेव्हा या गावात दुसऱ्या एकाची छाती नव्हती. संपात मला मारलं, त्या दिवशी दवाखान्यातही त्यानंच नेलं. मी मरायच्या आधी ते नाव भिंतीवर दिसलं पाहिजे, बस्स." मी त्यांना कॉफी दिली आणि अर्धी सांडली.

म्हणून विचारते, रागावू नकोस. चर्चच्या हॉलला डॅडीचं नाव द्यायचा समारंभ जरा पुढे ढकलता येईल का? चोवीस तारीख फार जवळ आली. वसंतात केला तर आईलाही प्रवास सोपा जाईल. चर्च कमिटीला तू फोन केलास तर ते ऐकतील, माझं कोण ऐकतंय!

काल झाडाखाली बसले असताना डॅडीची गाडी आठवली. आई रविवारी चर्चला चालत निघायची आणि डॅडी तिच्या बाजूनं, तिच्या पावलांच्या वेगानं, ती हिरवी शेव्ही हाकत यायचे. सव्वा मैल! मागून लोक हॉर्न वाजवायचे. आपण मागच्या सीटवर हसून हसून लोळायचो. "तुमच्या आईला व्यायाम हवाय," ते म्हणायचे. तू डेट्रॉइटला जायच्या आधी काही महिने ते सुरू झालं, नाही?

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. पिकॅनचं तेवढं सांग.

तुझी,
अर्नेटा


ग्रीनफर्ड
शुक्रवार, १५ ऑक्टोबर १९९३

प्रिय थर्मन,

रविवारी फोनवर तू ओरडलास ते योग्यच होतं. "अर्नेटा, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? पाटी कोरून झाली, कॉयरनं गाणी बसवली, मी रजा टाकली, आणि तुला वसंत सुचतोय? डॅडीनं तुझं काय वाकडं केलं होतं?" मग आईनं तुझ्या हातातून फोन घेतला आणि एवढंच विचारलं, "परत ठेवलंस का?" मला वाटलं, सिस्टर वॉर्डलॉंकडून आणलेली पाय-पेस्ट्रीची थाळी म्हणतेय. मी म्हटलं, ठेवते, आई. तिनं फोन ठेवून दिला.

म्हणजे तू तिला पत्र वाचून दाखवलंस. मी नको म्हटलेलं असताना. बरं झालं.

आता सांगते. बसून वाच.

त्या बुधवारी एल. पी. फाइलीतली एकतीस पानं मोजल्यावर मी त्यातलं एक घरी आणलं. चोरलं म्हण. अकरा वर्षं या कामात आहे, कधी टाचणीसुद्धा खिशात घातली नव्हती. ते पान मी ब्लाउजच्या आत घालून बाहेर पडले, दारावरच्या माणसाला "गुड इव्हनिंग" म्हटलं आणि बसमध्ये उभी राहिले, कारण बसलं तर ते दुमडलं असतं. मग गुरुवारी त्या फाइलीत तीस पानं हवी होती. एकतीस निघाली. आता कळलं, मी का घाबरले?

जे पान घरी आणलं ते डॅडीचं पत्र आहे. त्यांच्या हातचं, तेच मोठं, शाळकरी अक्षर. जुलै १९६८, लाँड्रीतल्या बायकांच्या संपाचा तिसरा आठवडा. पत्र त्या करड्या प्लिमथ गाडीतून फिरणाऱ्या पोलिसांच्या माणसाला लिहिलेलं आहे, ज्याला सगळं गाव ओळखून होतं आणि ज्याचं नाव कुणीच घेत नसे. त्यात लिहिलंय की पत्रकं शनिवारी मिस युलांच्या गाडीच्या डिकीत असतील, गाडी मिल रोडनं जाईल, ओडम बरोबर असेल. पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. रस्ता अडवला, मिस युलांना चाळीस दिवस तुरुंग झाला आणि ओडमचा डोळा गेला. डॅडीला कुणी हात लावला नाही. आपण म्हणायचो, देवानं वाचवलं.

पत्राची शेवटची ओळ मी तुझ्यापासून लपवणार होते. पंधरा दिवस लपवलीच. ती अशी आहे: "आता माझ्या थर्मनला सोडा, तुम्ही शब्द दिला होता."

तू पंधरा वर्षांचा होतास. संपात दगड मारला म्हणून पोलिसांनी तुला उचलून नेलं होतं, आणि दोन दिवसांनी तू घरी आलास, ओठ फुटलेला, बूट नसलेला. डॅडीनं तुला कडेवर घेतलं होतं, एवढ्या मोठ्या घोड्याला. मला ते आठवतं. मला वाटलं होतं की ते आनंदानं रडतायत.

हे पत्र मिस युलांकडे कसं आलं ते कुठे लिहिलेलं नाही. पण त्या काळी या गावातली प्रत्येक कचेरी आपल्याच बायका झाडत होत्या, त्यांच्याच टोपल्यांतून कागद बाहेर जात होते. एवढं कळायला लायब्ररीची पदवी लागत नाही. आणि हे समजूनही बाई पुढची बारा वर्षं डॅडी चालवत असलेल्याच गाडीत बसल्या. मागच्या सीटवर, लवंग चघळत. आरशातून ते त्यांना दिसत असणार. त्या बारा वर्षांत गाडीत काय बोलणं होत असेल, याचा विचार आला की माझ्या अंगावर काटा येतो.

आता एकतिसावं पान. गुरुवारी मी नुसत्या कडा मोजल्या होत्या, पानं उलटून बघायचा धीर झाला नव्हता. तुझ्या फोननंतर, सोमवारी, लख्ख उन्हात, दार उघडं ठेवून मी फाइल काढली. डॅडीचं पत्र जिथे होतं, नेमकं तिथे पिवळी चिठ्ठी होती. जुनी, कडा तपकिरी झालेल्या. टाइप केलेली. मी ती उतरवून घेतली, शब्द न् शब्द:

"एक पत्र. एल. पी. यांचं.
घेतलं: व्हर्डेल, १४ मार्च १९७१. परत: त्याच दिवशी.
घेतलं: व्हर्डेलची मुलगी. परत:"

पुढे कोरं. तारीख नाही.

तू म्हणशील, चिठ्ठी आधीपासूनच पत्राला चिकटलेली असेल, मी दोन पानं एक म्हणून मोजली. मीही तेच म्हणाले. पण त्या फाइलीतल्या क्लिपा मी स्वतः काढल्यात, प्रत्येक पान उलटून ब्रश फिरवलाय. आणि समजा तसंच असलं, तरी तिसरी ओळ, माझी? मी आठ वर्षांची असताना बाई मला काउंटरमागे स्टुलावर बसवायच्या आणि तारखेचा शिक्का मारू द्यायच्या. त्यांनी मला चांगलंच ओळखलं होतं, असं म्हण. मी काय करीन ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. म्हणूनच मृत्युपत्रात माझं नाव घातलं का? मला त्या बाईचा राग येतो, थर्मन. मेलेल्या माणसाचा असा राग यावा याची भीतीही वाटते.

आणि आई. १४ मार्च १९७१ रविवार होता, मी कॅलेंडर बघितलं. त्या दिवशी प्रार्थनेनंतर ती मिस युलांकडे गेली, तिनं ते वाचलं, परत ठेवलं, आणि घरी चालत आली. त्यानंतर अठरा वर्षं तिनं डॅडीची कॉफी केली, त्यांचे शर्ट इस्त्री केले, शेवटी त्यांना भरवलं. पण डॅडीच्या गाडीत पुन्हा पाऊल ठेवलं नाही. आणि ते बिचारे दर रविवारी तिच्या पावलांच्या वेगानं शेजारून येत राहिले. आपण हसत होतो.

आज सकाळी मी पत्र परत नेलं. जागेवर ठेवलं, चिठ्ठीवर पेन्सिलीनं आजची तारीख घातली. आकडा वेडावाकडा आला. जेवायला गेले, कुलूप लावून. परत आले तेव्हा दोन वाजले होते, ऊन खिडकीत होतं, आणि लवंगेचा वास इतका दाट होता की मी दारातच थांबले. पानं मोजली. पत्र धरून आणि चिठ्ठी धरून बत्तीस हवीत ना? एकतीस. पत्र आहे. चिठ्ठी नाही. मी सगळं खोकं उपसलं, टेबलाखाली रांगले. नाही. कागद परत आला की बाई चिठ्ठी काढून टाकायच्या.

त्यामुळे त्या चिठ्ठीचा आता तुला दाखवायला माझ्याकडे काही पुरावा नाही. आहे ती फक्त आई.

एक नोव्हेंबरला फाइली वाचकांसाठी खुल्या होतील. मी ती फाइल मागे ठेवणार नाही, तसं साहेबांना सांगूनही झालंय. कुणीतरी विद्यार्थी येईल आणि वाचेल. त्याआधी ब्रदर ओडमना कुणी सांगायचं, चोवीसला पाटीवरचा पडदा तू ओढायचा की नाही, ते मी ठरवू शकत नाही. डॅडीनं ज्याच्यासाठी ते केलं, त्यानं ठरवावं. त्यांच्यावर माझं प्रेम होतं. अजून आहे, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. तू आईला घेऊन ये. मी स्टेशनवर येईन, आणि आईची इच्छा असेल तर तिघं चालत चर्चला जाऊ.

हे पत्र मात्र तिला वाचून दाखव, सगळं, डॅडीच्या त्या शेवटच्या ओळीसकट. आणि रविवारी तिनं जे विचारलं होतं त्याचं उत्तर सांग: हो आई, परत ठेवलं.

व्हर्डेलची मुलगी,
अर्नेटा