पुन्हा पुन्हा उघडलेला जोड

प्रिय धाकट्या,

फोनवर तू विचारलंस आणि मी नेहमीसारखं सगळं ठीक म्हणाले. ठीक काही नाही. फोनवर सांगायला गेले असते तर रडले असते, आणि तुझे बाबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून लिहिते आहे.

तू ठेवून गेलेली गिटार बाबांनी दुरुस्तीला घेतली. वर्षानुवर्षं तारांनी ओढून ओढून तिची मान पुढे झुकली होती. तारा लाकडापासून इतक्या वर गेल्या होत्या, की दाबताना बोटं सोलवटावीत. या कामात बाबांचा हातखंडा. माझ्या जुन्या कुकरला शिट्टीच्या जागी नळी बसवायची, वाफ जोडात सोडायची, सरस मऊ झाला की मान अलगद काढायची, तिच्या बुडाचं लाकूड पटाशीने केसभर तासायचं आणि कोन साधून परत चिकटवायची. त्या कुकरमध्ये माणसांपेक्षा गिटारींसाठीच जास्त पाणी उकळलंय. नळी धरायला मी, आणि ओरडा खायलाही मीच. गिटार छान झाली. तारा चढवून त्यांनी वाजवूनसुद्धा दाखवली. मी म्हटलं, चला, पोराला कळवू.

सरस वाळला, आणि एका सकाळी बघते तर कुकर पुन्हा शेगडीवर. मला वाटलं, मनासारखं झालं नसेल. त्यांचा किडा तुला माहीत आहे. पण पुढच्या खेपेलाही तेच झालं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. धाकट्या, त्यांना आठवतच नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, गोळ्यांनी थोडा मंदावेल, मागे फिरणार नाही.

आणि दर वेळी ते थोडं लाकूड तासतात. तासलेलं परत कुठून आणायचं? आता मान इतकी मागे गेलीय की तारा लाकडाला घासतात. परवा त्यांनी जोड उघडून पाहिला आणि भडकलेच. कुठल्या गाढवाने हात लावलाय याला, म्हणाले, असल्या माणसाच्या हातात पटाशी देऊ नये. मी नळी धरून उभी होते. असेल कोणीतरी, म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते मी? मग त्यांनी लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवून ती पोकळी भरली, इतक्या सफाईने की बघत राहावं. वाळल्यावर त्याही तासल्या.

मी काय काय करून पाहिलं नाही. काम झालंय अशी चिठ्ठी गिटारीवर डकवली. पॉलिशवर कागद चिकटवतात का, म्हणून मलाच झापलं. कुकर माळ्यावर लपवला. त्या दिवशी ते घरभर फिरले आणि मग कामाच्या बाकाशी, हात मांडीवर ठेवून बसून राहिले. जेवायला हाक मारली तरी उठेनात. शेवटी मीच शिडी लावून कुकर खाली काढला. एकदा सरळ खरं सांगितलं. लहान मुलासारखे रडले, माझी माफी मागितली, आणि संध्याकाळी सगळं विसरले. मला मात्र ते रडणं विसरता येत नाही. पुन्हा सांगायची छाती नाही माझी.

तुझी गिटार आता वाचत नाही. मान बसते त्या खाचेच्या कडा वाफेने भुसभुशीत झाल्यात, आणखी एकदा उघडली की जोड धरणार नाही. ती गेली तर जाऊ दे. पण ती गेल्यावर बाबांच्या हातात काय देऊ, हे मला सुचत नाही.

म्हणून हे पत्र. जुन्या बाजारात मान झुकलेली, मानेच्या बुडाला तासायला भरपूर लाकूड असलेली एखादी गिटार मिळते का बघ. वाजत नसली तरी चालेल. ती घेऊन तू स्वतः ये. फक्त दारातून बाबा म्हणून हाक मारू नकोस. मागे तुझा फोटो हातात घेऊन, हा कोण, म्हणून त्यांनी मला विचारलं, आणि ओळखता येईना म्हणून दिवसभर कावरेबावरे झाले होते. गिऱ्हाइकांशी मात्र ते अजून अगदी पूर्वीसारखे वागतात. खुर्ची देतात, चहा सांगतात, काम समजावत तासभर बसवून ठेवतात. तेव्हा गिऱ्हाईक होऊन ये. चहा मी आणेन आणि तुला अहोजाहो करेन, तेवढं सांभाळून घे.

तुझीच,
आई