उभ्या गुरुजींची खुर्ची

९ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या शिवणवर्गातल्या मुलीने नवऱ्याच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या आणि तू तिला आता तसा नवरा शोध म्हणालीस, हे वाचून तुझी वहिनी दोन दिवस हसत होती. फोनच करणार होतो. पण फोनवर मी अर्धं बोलायचं विसरतो आणि उरलेलं तूच बोलतेस.

काम असं आहे. आपल्या गुरुजींचा सत्कार करायचं ठरलंय, बारा फेब्रुवारीला, आपल्या शाळेतच. पुढाकार पोस्टमनचा. तोच तो, वर्गात पाटी डोक्यावर ठेवून नाचायचा. गुरुजी ब्याऐंशीचे झाले. पाय सुजून खांबासारखे झालेत, शिरा निळ्या पडल्यात. डॉक्टर म्हणाले, जन्मभर उभं राहिल्याचं हे फळ. आपण त्यांना मागून उभे गुरुजी म्हणायचो ते आठवतं ना? पहिली ते पाचवी एकाच खोलीत, आणि हा माणूस दिवसभर उभा. म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांना खुर्चीच द्यायची ठरवलीय आणि ती मी करायची. सुतार दुसरं काय देणार?

शाळेच्या अडगळीत तुझीही जुनी खुर्ची सापडली. मोडकी म्हणून गुरुजींनी सोडली आणि तुला दिली ती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, हिलाही जरा रूप द्या. पायांखाली कुणा अडाण्याने लाकडाचे तुकडे ठोकलेत. ते उपटून टाकतो.

पहिलं भाषण तू करावंस असं सगळ्यांचं म्हणणं आहे. गुरुजींनी तर दोनदा विचारलं, पोरगी येणार का. त्यांच्याकडे फार दिवस आहेत असं मला वाटत नाही. देवापुढे रोज हात जोडतो, पण मागायचं काय ते कळत नाही.

उत्तर लगेच पाठव. लोभ आहेच, त्यात आळस येऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


१७ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनींना नमस्कार. इकडे हे बरे आहेत. चहा अजूनही पाण्यासारखाच करतात, पण रोज न चुकता करतात.

मी येणार नाही. शिवणवर्गाच्या परीक्षेचं कारण लिहिणार होते, पण तुला खोटं लिहायला हात वळत नाही.

त्या खुर्चीचं मला काय कौतुक? सगळी मुलं खाली बसकरपट्ट्यांवर मांडीला मांडी लावून बसायची. माझ्या पायातल्या लोखंडी पट्ट्यांमुळे मला खाली बसता यायचं नाही, म्हणून मी एकटी भिंतीशी, खुर्चीवर. तीही अशी, की मोठ्या माणसाचं वजन पेलत नाही म्हणून टाकून दिलेली. पहिल्याच आठवड्यात मागून कुणीतरी म्हणालं, मोडकीला मोडकी खुर्ची. वर्ग हसला. मी गुरुजींकडे पाहिलं. ते फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिले.

सहा वर्षांची होते मी. अठ्ठेचाळीस हसणारे मी विसरले, त्यांची ती एक पाठ विसरले नाही. त्यांनी शिकवलं म्हणून मी उभी राहिले, हेही खरं आहे, आणि रोज मनात ते म्हणतेही. पण माईकसमोर उभं राहून नुसतं गोड बोलणं मला जमणार नाही, आणि आजारी माणसाच्या सत्कारात हे सांगणं शोभणार नाही. त्यापेक्षा घरी बरी.

त्यांना माझा नमस्कार सांग. तुझ्यावर राग नाही. पत्र पाठवायचं सोडू नकोस.

तुझी,
धाकटी


२४ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा खुर्ची माझ्या कामाच्या बाकावर उलटी पडली होती आणि हातात पटाशी होती. पहिला तुकडा उचकटायला घेतलाच होता. पत्र वाचलं आणि मग नुसताच तिच्याकडे बघत बसलो. तीस वर्षं लाकडात गेली, तरी नीट पाहायला तुझं पत्र यावं लागलं.

ती खुर्ची कधी मोडलीच नव्हती. सांधे आजही घट्ट आहेत, मी तिच्यावर उभा राहून पाहिलं. तिचे चारही पाय करवतीने कापलेत. कापणारा नवखा होता. एका पायावर करवत तीनदा घसरून चौथ्यांदा बसलीय. कापण्याआधी ओढलेली पेन्सिलची रेघ एका ठिकाणी अजून दिसते. खालचे तुकडे सोडले तर बैठक जमिनीपासून बारा इंचांवर आणलीय. सहा वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याइतकी.

आणि ते तुकडे. ते एकावेळी ठोकलेले नाहीत. प्रत्येक पायाखाली चार थर आहेत, आणि चारही थरांचं लाकूड वेगळं, खिळे वेगळे, गंजही वेगळा. सगळ्यात वरचा थर खोक्याच्या फळीचा. त्याखाली पाटीच्या चौकटीचं लाकूड, दोन पट्ट्या एकावर एक. तिसरा कसल्या तरी जुन्या दाराचा. चौथ्याला जमिनीवर घसरू नये म्हणून खाली चपलेचं चामडं. तू तिथे पाच वर्षं होतीस. पहिलं वर्ष सोडून दर वर्षी एक थर. आठवून सांग, त्या पाच वर्षांत तुझे पाय कधी लोंबले का?

मी नव्या खुर्चीचं माप घ्यायच्या निमित्ताने गुरुजींकडे गेलो आणि विचारलं. आधी म्हणाले, आठवत नाही. मग सांगितलं. तुझ्यासाठी खुर्ची कापली असं सांगितलं असतं, तर पोरं त्याला दया म्हणाली असती. मोडकी म्हटली म्हणजे कुणी मागणार नाही आणि कुणी उपकारही मोजणार नाही, असं त्यांना वाटलं. स्वतःसाठी दुसरी खुर्ची वरच्या कचेरीतून मागवली होती, ती आलीच नाही. पुढे आली तेव्हा बसायची सवय मोडली होती. त्या हसण्याचं विचारलं तर त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, आपलीच युक्ती पोरीच्या अंगावर उलटली हे तेव्हा कळलं आणि वर्गाकडे बघायला तोंड उरलं नाही. फळ्याकडे वळलो ते चुकलं, पोरीला सांग.

ते सांगितलं. आता माझं. त्या हसण्यात मीही होतो. तिसरीत होतो, शेजारचा हसला म्हणून हसलो. तू मागे वळून पाहिलंस तेव्हा मी पाटी तोंडासमोर धरली. एवढी वर्षं देवापुढे बसतो, पण हे त्यालाही सांगितलं नव्हतं.

तुकडे काढलेले नाहीत. यायचं की नाही ते तू ठरव. लोभ असेल तेवढा असू दे, राग असेल तोही लिहून पाठव.

तुझा,
दादा


३० जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू हसला होतास हे मला ठाऊक होतं. पाटीच्या वर तुझे कान दिसत होते, लाल झालेले. तुझ्यावर रागावले असते तर घरी कुणाशी बोलले असते? म्हणून सगळा राग गुरुजींच्या नावावर टाकला. ते मोठे होते, त्यांना पेलेल असं वाटलं असावं.

मुलींच्या झग्याला मी खाली चार बोटं दुमड ठेवते. मुलगी वाढली की दरवर्षी थोडी सोडायची. पोरींना ते कळतही नाही, त्यांना वाटतं झगा आपला आपण मापाचा राहतो. हे कुणाकडून शिकले असं वर्गात कुणी विचारलं तर मी सांगते, कुणाकडून नाही.

अकराला संध्याकाळी पोहोचते. बसथांब्यावर ये. वहिनींना सांग, जिन्यावरची खोली नको.

तुझी,
धाकटी


६ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गुरुजी परवा सकाळी गेले. झोपेतच. शेवटचे तीन आठवडे नव्या खुर्चीत खिडकीशी बसायचे, असं त्यांची सून म्हणाली. पाय वर ठेवायला मी पुढे फळी केली होती, ती त्यांना आवडली होती.

तू भाषणाला उभी राहिलीस आणि तेही खुर्चीतून उठायला लागले, ते डोळ्यांसमोरून जात नाही. त्यांच्या सोबतीला आलेली नर्सबाई धरत होती, पोस्टमन नको नको म्हणत होता, पण पोरगी उभी असताना आपण बसायचं नाही असा त्यांचा हट्ट. तू कुबडी टेकत त्यांच्यापाशी गेलीस आणि म्हणालीस की गुरुजी, आता बसा, माझे पाय टेकलेत. तेव्हा कुठे ते बसले. तू त्यापुढे भाषण केलंच नाहीस. सगळे म्हणतात, फार चांगलं बोललीस.

जुन्या खुर्चीचं सांगायचं राहिलं. पहिलीत एक मुलगी आलीय. पाठीच्या दुखण्यामुळे तिला इतरांसारखं बाकावर बसता येत नाही. मुख्याध्यापिकांनी खुर्ची मागितली. मी मुलीचं माप घेतलं. बारा इंच.

चारही थर अलगद उतरवले. एकही तुकडा फुटू दिला नाही. पायागणिक चिठ्ठी बांधून, वर्षाप्रमाणे लावून, डब्यात घालून ठेवलेत. डबा देवाच्या फळीवर आहे. पुढच्या जूनमध्ये पहिला थर लावायचा आहे. मी विसरलो तर तू आठवण कर.

तब्येतीला जप. लोभ आहे तसा राहू दे, वर्षाला एखादा थर चढला तर चालेल.

तुझा,
दादा