उलमाचा आवाज

प्रिय सुमिंद मल्ली,

परवा फोनवर तुझ्या नेथ्मीने मला, तिच्या आत्याला, विचारलं, "लोकुनंदा, तुझ्या घराभोवती कुठले पक्षी येतात?" तेवढ्यात तू मागून इटालियनमध्ये काहीतरी बोललास, ती हसली आणि माझं उत्तर राहूनच गेलं. तिला सांग, मागच्या पपईवर तांबट येतात. ते हिरवे असतात, पानांत बसले की दिसत नाहीत, नुसतं कुट्रू-कुट्रू ऐकू येतं. स्वयंपाकघरामागे सकाळी केहिबेल्लांची टोळी उतरते. निळं अंग, तपकिरी डोकं, लाल चोच, आणि भांडखोर इतके की आपल्या वाडीतल्या बायका बऱ्या. कितुलच्या झाडावर धनेशाची जोडी असते. बांबूच्या बेटात हिरव्या चोचीचा भारद्वाज आहे, त्याच्यासाठी कोलंबोची माणसं चिखलात पोटावर पडून राहतात. निवृत्त झाल्यापासून मागच्या दोन खोल्या मी अशा माणसांना देते. त्यांच्या नादाने मीही शिकले. आपल्याकडच्या रानात आधी कानाने ओळखायचं. डोळ्यांची पाळी मग, आणि तीही नशीब असलं तर.

यंदा ओढ्यापलीकडच्या जुन्या होर झाडाच्या ढोलीत एका मोठ्या घुबडाने घर केलं. कँडीहून थिलिनी नावाची मुलगी त्याचा अभ्यास करायला माझ्याकडे राहिली होती. वाडीतलं कुणी तिला वाट दाखवायला तयार होईना. गुणेरिस मामांची सून तर तोंडावर म्हणाली, "टीचर, वय झालं तुमचं, नसती पीडा कशाला घरात आणता?" कारण तो उलमा होता, ओरडून घरात मरण आणतो म्हणतात तो. म्हणजे थिलिनी त्यालाच उलमा मानते, पक्ष्यांच्या जाणकारांचं त्यावर अजून एकमत नाही म्हणे. शेवटी मीच तिच्याबरोबर गेले. उजाडता उजाडता तो समोरच्या फांदीवर येऊन बसला. डोक्यावर आडवी शिंगं, काळेभोर डोळे, पांढऱ्या पोटावर ठिपके. आणि तो ओरडला. एखाद्या बाईचा गळा दाबावा तशी ती किंकाळी चढत गेली आणि मध्येच तुटली. थिलिनीने आनंदाने माझा हात धरला. आयुष्यभर ज्याचं नाव ऐकत आले, त्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते.

बंडाच्या त्या वर्षी तू सहा वर्षांचा होतास. तुला आपल्या भावाचा, उपुल अय्याचा, चेहरा तरी आठवतो का? बसथांब्यावरून त्याला जीपमध्ये घालून नेलं, तेव्हा त्याच्या पिशवीत आपल्या घरचा नीरफणस होता, मावशीकडे द्यायचा. भिंतीवर सरकारविरुद्ध पत्रकं चिकटवणाऱ्या मुलांबरोबर कुणीतरी त्याला पाहिलं होतं म्हणे. तात्ता सगळीकडे जाऊन आले. जिथे गेले तिथे एकच उत्तर मिळालं, "आमच्याकडे असा कुणी नाही." नंतर एका संध्याकाळी, दिवा लावून झाला होता, बाहेर संचारबंदी होती, तेव्हा डोंगरामागच्या बंद रबर कारखान्याच्या बाजूने तो आवाज आला. गुणेरिस मामा कुंपणावरून ओरडले, "उलमा आहे, उलमा! दारं लावा!" सगळ्या वाडीची दारं लागली. अम्मा मात्र अंगणात धावली. "पक्षी नाही हो तो, माझा उपुल आहे! अम्मे म्हणतोय, ऐका ना!" तात्तांनी तिला ओढत आत आणलं, तिच्या तोंडावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "गप्प. एक गेला. दुसरा आत झोपलाय." मी चुलीपाशी होते. मला वाटलं, ते अपशकुनाबद्दल बोलतायत. उलमा ओरडला की घरातलं मूल जातं, असं आपल्याकडे मानतातच. पुढच्या संध्याकाळीही आवाज आला. त्यानंतर नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे. अम्मा कुणालाही थांबवून तेच सांगायची. तिला उलमाने झपाटलं असं ठरलं. तात्तांनी स्वतः मांत्रिक बोलावला, ढोल वाजले, मुखवटे नाचले, तिच्या केसांना धरून विचारलं, "बोल, कोण आहेस तू?" ती म्हणाली, "उपुलची अम्मा." शाळेत पोरं तुला "उलमाचं पिल्लू" म्हणायची. तू एकदा दप्तर फेकून तिला म्हणालास, "तू माझी अम्मा नाहीसच." तुझा दोष नाही, तू पोर होतास. तिने दप्तर उचलून खुंटीला लावलं आणि त्या दिवसापासून बोलणंच सोडलं. ती गेली तेव्हा तू आला नाहीस. त्यावरून मी कधी तुला बोलले नाही, आजही बोलत नाही.

पण त्या सकाळी मी त्या पक्ष्याच्या तोंडाकडे बघत होते. चोच उघडी ती शेवटपर्यंत उघडीच. मी जन्मभर लहान मुलांना अक्षरं शिकवली, मल्ली. 'म' म्हणायचा तर ओठ मिटावे लागतात. त्याच्या त्या किंकाळीत 'म' नव्हता, कुठलंच अक्षर नव्हतं. थिलिनीला विचारलं, "रबराच्या बागेत हा राहतो का?" ती हसली. "नाही हो टीचर, त्याला असली जुनी, ढोलीची झाडं लागतात." कारखान्याभोवती तेव्हाही नुसतं रबरच होतं. घरी येऊन मी पायरीवर बसले आणि तात्तांचं ते वाक्य मला कळलं. आवाज कुणाचा ते त्यांनीही ओळखलं होतं. बायको वेडी ठरली तर तिच्या बोलण्याकडे कुणी लक्ष देणार नाही, जीप पुन्हा आपल्या दारात येणार नाही. आत तू झोपला होतास.

हे मी पोटात ठेवणार होते. पण गेल्या महिन्यात कारखान्याच्या जागेवर नवीन इमारतीचा पाया खणताना बुजवलेली विहीर उघडी पडली. तिच्यात माणसं आहेत. कोर्टाच्या माणसांनी जागा बंद केली आहे आणि ज्यांच्या घरची मुलं गेली, त्यांना बोलावलं आहे. मी ओळख पटवायला रक्त देऊन आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आई-वडील नाहीत, तर एका बहिणीवरून खात्रीने सांगता यायचं नाही. भाऊ आहे ना?" म्हणून लिहिते आहे. त्यात उपुल नसेलही. तरी ये. जबाब देताना पहिली साक्षीदार म्हणून मी अम्माचं नाव सांगितलं. कारकून म्हणाला, "टीचर, मेलेल्यांची साक्ष चालत नाही." मी म्हटलं, "लिहून तर घ्या. जिवंत होती तेव्हाही कुणी घेतली नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

तुझीच,
लोकुअक्का