अजून एक थर

बुधवार, ५ जून

काल लिहिलं ते चूक आहे. आत्याने गच्चीचं दार बाहेरून लावलं नव्हतं.

काल इथे दोन पानं भरून लिहिलं – तिने मला उन्हात वाळणाऱ्या फळांच्या पोळीची ताटं राखायला वर बसवलं, कडी घातली, खाली जाऊन झोपली आणि माझी बस चुकवली. आज सकाळी दार नीट बघितलं. बाहेरून, जिन्याच्या बाजूला, कडी आहे, पण ती अडकवायला कोयंडाच नाही! चौकटीवर दोन भोकं तेवढी आहेत, गंजलेली, आत कोळ्याचं जाळं. म्हणजे ते दार बाहेरून लावताच येत नाही. कित्येक वर्षं येत नसणार. वाऱ्याने आपटलं आणि चौकटीत घट्ट बसलं, एवढंच. खांदा लावला की उघडतं. आज लावून बघितला. उघडलं.

काल लावला नाही. "आत्या!" अशी हाक मारली, दोनदा. मग स्टुलावर जाऊन बसले आणि चिमण्या हाकलल्या.

कालची पानं फाडणार नाही. बाबा शिकवताना सांगायचे – चूक खोडायची नाही, शेजारी बरोबर लिहायचं. म्हणून हे.

गुरुवार, ६ जून

संस्थेत फोन केला. आकडे दोनदा चुकले.

तिथे कवळ्या करायला शिकवतात. कवळ्या, नकली दात, दातांवर बसवायच्या टोप्या – दंतवैद्य तोंडाचा साचा घेतो आणि पुढचं सगळं ही माणसं करतात. मार्चमध्ये परीक्षा होती, मेणाच्या ठोकळ्यातून एक दाढ कोरायची. माझी दाढ त्यांनी ठेवून घेतली! परवा जाऊन नुसते कागद दाखवायचे होते, जागा पक्की झाली असती.

कारकून म्हणाला, "मुदत परवाच संपली, बाई." मी फोन ठेवला नाही. मग म्हणाला, "असं करा, एक जुलैला वर्ग सुरू होतात. दहाला हजेरी. नाव पुकारलं की हजर म्हणा. नाही म्हणालात तर खालचं नाव. खाली पुष्कळ नावं आहेत."

मी जन्मात कधी 'हजर' म्हटलेलं नाही. माझी शाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर – बाबांकडे भाषा, आत्याकडे गणित. आत्याने अपूर्णांक पोळी कापून शिकवले. उत्तर चुकलं की तो तुकडा ती खायची. हजेरी कोण घेणार? मी नसले तर शाळाच नाही!

न्हाणीघरात आरशासमोर म्हणून बघितलं. हजर. आवाज चिरकला.

शुक्रवार, ७ जून

आत्याला सांगितलं. ती गर ढवळत होती, वर बघितलं नाही.

"जा की! तुला काय बांधून ठेवलंय? ताटं रिकामी झाली की जा."

ताटं रिकामी होत नाहीत, हीच तर गोष्ट आहे. फळाचा गर साखर-लिंबू घालून आटवायचा, तेलाचा हात फिरवलेल्या ताटात पातळ ओतायचा, वर मलमल, आणि उन्हात. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर दुसरा थर. तिसऱ्या दिवशी तिसरा. मग वाळू द्यायचं, कडा आपोआप सुटतात, अख्खी पोळी सोलून गुंडाळायची. पण एक ताट उतरतं तेव्हा शेजारचं पहिल्या थरावर असतं. आणि त्याच्या शेजारचं दुसऱ्या. उन्हाळाभर असंच. आणि उघड्यावरची ताटं सोडून जाता येत नाही – चिमण्या, गांधीलमाशा, शेजारची मांजर. कुणीतरी बसावं लागतं.

कुणीतरी म्हणजे मी.

शनिवार, ८ जून

जर्दाळूच्या चार पेट्या आल्या. संपलं!

मंगळवार, ११ जून

जेवताना दादाने विषय काढला. गॅरेजमधून आला की त्याच्या जिभेला हाड नसतं.

"काय राखणदार, कवळ्या करायला जाणार म्हणे?"

"बघू," मी म्हणाले.

"अगं जा! घरचाच धंदा होईल. आत्याची पोळी चावून लोकांचे दात पडतील, तू बसवून दे. दोन्हीकडून गिऱ्हाईक आपलंच."

बाबा हसले. मीही. आत्या म्हणाली, "माझ्या पोळीने आजवर कुणाचा केस वाकडा झालेला नाही, दात कसला पडतोय." आणि दादाला वाढताना डाव उगाच मोठ्याने आपटला.

मी विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

"तुम्ही दोघी काय ते ठरवा."

बाबा नेहमी हेच म्हणतात. मला कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

शुक्रवार, १४ जून

एक विचित्र गोष्ट. मागच्या शनिवारच्या जर्दाळूच्या ताटांना काल पाचवा थर दिला. पाचवा!

आत्याची पोळी तीन थरांची. चौथा मी कधी बघितलेला नाही. पोळी उजेडात धरायची, मागे वर्तमानपत्र, आणि मथळा वाचता आला पाहिजे – हा तिचा नियम. लोक तिची पोळी घ्यायला येतात ते यासाठीच. मला वाचायला बाबांनी शिकवलं असलं तरी मी वाचलेला पहिला मथळा आलुबुखाराच्या पोळीतून, तांबडा.

परवा चौथ्या थराच्या वेळी मी विचारलं तर म्हणाली, "गर पातळ उतरलाय. अजून एक थर चढू दे." आज विचारलं. तेच. "अजून एक थर चढू दे, मग ताटं रिकामी. मग तू मोकळी."

गर पातळ नव्हता. मी ढवळला होता. डावाला चिकटत होता.

रविवार, १६ जून

ऊन. ताटं. स्टूल. छत्रीला भोक पडलंय, उन्हाचा एक ठिपका दिवसभर माझ्या मांडीवरून सरकत जातो. तो गुडघ्यावर आला की चहा.

मंगळवार, १८ जून

आज जे झालं त्यावर हसावं का रडावं कळत नाही. क्रमाने लिहिते.

कोपऱ्यावरचे पोस्टमास्तर आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सगळे पोस्टमास्तरच म्हणतात. दर उन्हाळ्यात जर्दाळूची पहिली पोळी त्यांची. हातात रुमालाचं गाठोडं, गाल आत गेलेले, बोलताना निम्मे शब्द वारा. गाठोडं टेबलावर सोडलं. आत त्यांची वरची कवळी आणि तिला गच्च चिकटलेली पोळी, चपलेच्या तळव्याएवढी जाड.

"बाई," ते आत्याला म्हणाले, "ही तुमची पोळी आणि ही माझी कवळी. यातलं तुमचं काय ते ठेवून घ्या, माझं मला द्या."

दादा घरात होता. त्याला हसू फुटलंच! पाणी पितोय असं दाखवत मागच्या दारी पळाला.

आत्या जागची हलली नाही. म्हणून मी कवळी घेतली. कोमट पाण्यात बुडवून ठेवली आणि हळूहळू पोळी सोडवली, कडेकडेने, ताटातून सोडवते तशीच. मग ब्रश केला. अख्खी कवळी हातात मी पहिल्यांदाच धरत होते! हिरड्यांचा गुलाबी रंग एकसारखा नाही, दातांच्या मुळाशी फिका होत जातो. टाळूला बारीक वळ्या आहेत. आणि पुढचा एक दात किंचित वाकडा.

"हा दात असा का?" मी विचारलं.

"माझा खरा तसाच होता. करणाऱ्याला मुद्दाम सांगितलं, वाकडाच ठेव. नाहीतर बायको घरात घेणार नाही."

तो वाकडा दात कुणीतरी बसून केला. कुणाचं तरी तोंड त्याचं त्याला परत दिलं. मला इतकं – काय लिहू. मला ते करायचंय. एवढंच.

पोस्टमास्तर कवळी घालून, दोनदा टकटक वाजवून, "ठाकठीक!" म्हणून गेले. आत्याने उरलेली पोळी उचलली, खिडकीशी नेली, उजेडात धरली. काहीच दिसत नव्हतं. नुसतं काळं.

दुपारी ती जेवली नाही.

बुधवार, १९ जून

तिला थर कळत नाहीत असं नाही. कुणापेक्षाही जास्त कळतात. आयुष्यभराचं नाव आणि ते स्वतःच्या हाताने –

माझ्यासाठी! पुढे लिहवत नाही.

शनिवार, २२ जून

गच्चीवर दोघी जर्दाळूच्या बिया काढत होतो. पोस्टमास्तर आले त्या दिवसापासून आत्या फारशी बोललेली नाही. आज एकदम म्हणाली, "मी इथे दोन महिन्यांची बॅग भरून आले होते. माहितेय ना?"

माहीत आहे. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची. पण हे तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"टेलिफोन केंद्रात नोकरी होती माझी. खिडकीजवळची खुर्ची. रजा घेऊन आले. तुझे बाबा म्हणाले, ताई, पोरगी नीट खायला लागू दे. मग म्हणाले, वाचायला लागू दे. मग ते म्हणायचे थांबले आणि मीच म्हणायला लागले."

मी विचारलं, "हे मला आता का सांगतेस? अडवायला?"

"नाही गं बाई. बोललं की बिया लवकर संपतात."

ती बॅग माळ्यावर आहे. मलमलीची फडकी तिच्यात असतात. दर उन्हाळ्यात फडकी मीच काढते. बॅग कधी बघितलीच नव्हती म्हणायची.

हिला सोडून जायचं? जिने खुर्ची सोडली तिला? आणि नाही गेले तर तिचं सोडणं तरी कशासाठी होतं? दोन्ही प्रश्न खरे आहेत. छातीवर ताट ठेवल्यासारखं होतं.

सोमवार, २४ जून

आत्याने सकाळी पेटीवाल्याला परत पाठवलं! "बास या वर्षी. कालची ही शेवटची ताटं. तीन थर. शुक्रवारी उतरवू." मग माझ्याकडे न बघता, "मग तुझं काय ते."

दुसरा थर दिला. शुक्रवारी ताटं रिकामी. सोमवारी एक जुलै.

मला आनंद व्हायला हवा. झालेला नाही.

मंगळवार, २५ जून

तिसरा थर. ऊन कडक. सगळं वेळेवर चाललंय.

बुधवार, २६ जून

ताटांवर चौथा थर पडला. वरचा थर सैल गराचा, वाळायला वेळ घेणार; शुक्रवारी उतरत नाहीत आता. रविवारीही नाही. मंगळवार तर नक्कीच उजाडेल.

म्हणजे झालं.

गुरुवार, २७ जून

काल लिहिलं की थर पडला. थर आपोआप पडत नाही. कुणीतरी ओततं.

मी ओतला.

काल दुपारी आत्या जरा आडवी झाली होती. बरणीत गर उरला होता, जॅमसाठी ठेवलेला. मी तो पातेल्यात सैल केला, वर नेला आणि सगळ्या ताटांवर पसरला. घाई नाही, चोरी केल्यासारखं नाही. उलथण्याने कडेपर्यंत नीट, सारखा, तिने शिकवला तसा. ओतताना इतकं बरं वाटत होतं! मग स्टुलावर बसले, ठिपका मांडीवर आला, आणि कळलं. चार तारखेला दोनच हाका मारून बसले होते, तेव्हाही असंच बरं वाटलं होतं. तेही तेव्हा लिहिलं नाही. आता लिहिते.

सगळं आत्याच्या डोक्यावर घालून मी मोकळी झाले होते. कोयंडा नसलेल्या दाराशी बसून.

आज सकाळी ती वर आली. ताटांपाशी वाकली. खूप वेळ.

"हा थर कुणाचा?"

"माझा."

तिने बोट टेकवलं, चाखलं. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं. काहीही बोलावं.

"लिंबू कमी पडलंय," म्हणाली. आणि स्टूल ओढून, छत्री स्वतःकडे फिरवून, त्याच्यावर बसली. काठी हातात घेतली. मी उभीच. चिमणी आली, तिने हाकलली.

"बघतेस काय? खाली जा. फडकी बॅगेतून काढून कपाटात ठेव."

शुक्रवार, २८ जून

बॅग रिकामी केली. तिचा बंद अजून नीट लागतो.

सोमवार, एक जुलै. पहाटेची पहिली बस धरणार.

ताटं भरलेली असतील.