हात वर केला होता

मुख्याध्यापक महोदय,

"सरांनी शाळेसाठी घरावर पाणी सोडलं," असं काल शोकसभेत तुम्ही खुशाल ठोकून दिलंत. अहो, पाच वाजता त्यांची सायकल दारात दिसली नाही, तर आईचा जीव टांगणीला लागायचा! आमच्या घरची रोजची भांडी माझे बाबा घासायचे.

हे सांगायलाच मी हात वर केला होता. तुम्ही पाहिलंत आणि लगेच सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलंत.

मी बाबांच्याच वर्गात होते. स्वतःच्या मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून माझा हात वर असला तरी ते मला कधी विचारायचे नाहीत. मी फुगून घरी यायचे. मग संध्याकाळी भांडी घासता घासता ते म्हणायचे, "हं बाईसाहेब, सांगा आता. सकाळी हात वर होता ना?" आणि माझं उत्तर संपेपर्यंत नळ बंद ठेवायचे.

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही ते स्मरणिकेत छापाल आणि वर 'भावपूर्ण' म्हणाल.

काल घरी आल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून सगळं उत्तर मोठ्यानं म्हटलं. नळ बंदच होता.

तुमची कुणी नव्हे,
सरांची मुलगी