वृद्धाश्रमाचं सर्टिफिकेट

चि. कादंबरी,

मेडिकलच्या प्रवेशाला नकार आला तेव्हा तू उलट मलाच समजावलंस, “बाबा, मार्कच कमी होते माझे.” मी मान हलवली.

अर्ज मी भरला होता. इथे कोलोनच्या वृद्धाश्रमात तू वर्षभर म्हाताऱ्यांना आंघोळ घातलीस, त्याचं सर्टिफिकेट तू माझ्याकडे दिलं होतंस. मी जोडलंच नाही. पुण्यात सगळ्यांना ‘ती लॅबमध्ये काम करते’ असं सांगितलं होतं. अर्जातही तीच लाज आडवी आली. त्या कामाला इथे जर्मनीत मेडिकलच्या प्रवेशासाठी जादा गुण असतात, हे मला काल कळलं.

आज तू पुन्हा तिथेच कामावर गेलीस. निघताना हसून म्हणालीस, “तिथल्या आजी-आजोबांना तरी मी चालते.”

सर्टिफिकेट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. हे पत्रही त्याच्यावरच ठेवतोय.

तुझ्यासमोर गप्प बसलेला,
बाबा