शनिवारचा दाखला

४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही आणि मेसेज आला की तू तार आल्यासारखी घाबरतेस. म्हणून हे पत्र. रात्रपाळी संपवून, औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर बसूनच लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस.

काम खारूचं आहे. तिच्या शाळेच्या मार्गदर्शक बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. चांगल्या कॉलेजात आता नुसत्या मार्कांवर कुणी उभं करत नाही म्हणे. मुलगी नववीपासून काय काय करते याची फाइलच पाठवावी लागते. पोहणं, वक्तृत्व, व्हायोलिन, रोबोचा वर्ग, शाळेचं मासिक हे सगळं आहे. बाईंच्या मते एकच उणीव आहे, समाजसेवा. तेव्हा मला एकदम तू आठवलीस! दोन वर्षं झाली, खारू दर शनिवारी वसतिगृहातून तुझ्याकडे येते. 'एकाकी वृद्धेची नियमित सेवा' असं लिहिलं की बाई खूश. तू फक्त एक दाखला दे, आणि तीन फोटो लागतील. ती तुला औषध देताना, पेपर वाचून दाखवताना आणि हात धरून फिरायला नेताना.

आत्या, माझ्या कॉलेजच्या मुलाखतीच्या वेळी तू बाहेर बाकावर बसली होतीस. त्यांनी मला विचारलं की अभ्यासाखेरीज काय करतेस, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. खारूवर ती वेळ येऊ नये, एवढंच.

तुझी माया आहेच. दाखल्यापुरती थोडी जास्त कर.

तुझी,
बबडी

९ ऑगस्ट

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

टेलिफोन खात्यात होते तेव्हा मला कुणी टेलिफोनवाली म्हणालं, कान गेल्यावर कुणी बहिरी म्हणालं, आणि तुझे काका तर फौजदार म्हणायचे. पण एकाकी वृद्धा मी पहिल्यांदाच झाले. पत्र वाचून आरशात जाऊन बघून आले.

आता फोटोंचं. माझ्या गोळ्या मी स्वतः घेते. फिरायला निघाले की तुझी लेकच मागे राहते आणि कोपऱ्यावर मला तिच्यासाठी थांबावं लागतं. आणि बहिऱ्या बाईला पेपर वाचून दाखवणारी मुलगी बघून त्या कॉलेजवाल्यांना काय वाटेल, याचा तूच विचार कर.

बबडे, कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिस्टर सांगायच्या की खोटं लिहिण्यापेक्षा पान कोरं द्या, कोऱ्या पानाला निदान शून्य तरी खरं मिळतं. मी पुष्कळदा कोरं दिलं. जे घडलं नाही ते मी लिहिणार नाही. शनिवारी काय घडतं, ते खारूला विचार.

रागावू नकोस. रागावलीसच तर पत्रातच रागाव, म्हणजे मला कळेल.

तुझी,
आत्या

११ ऑगस्ट

प्रिय आत्याआजी,
नमस्कार.

आईचं पत्र आलं. तुझ्याकडे मी काय काय सेवा करते त्याची यादी तिने मागितली आहे. प्लीज, तिला खरं सांगू नकोस.

तुला आठवतं? पहिल्या शनिवारी मी आईने पाठवलेला स्वेटर द्यायला आले होते. पाच मिनिटं म्हणून दिवाणावर टेकले आणि जाग आली तेव्हा अंधारून आलं होतं. अंगावर तुझी शाल होती आणि तू समोर बसून फाटक्या उशीला टाके घालत होतीस. तू काही विचारलं नाहीस. तेव्हापासून मी तुझ्याकडे झोपायलाच येते.

वसतिगृहात सगळ्याला घंटा असते. उठायची, पोहायची, जेवायची, अभ्यासाची. तुझ्या घरी दारावरचं बटण दाबलं तरी घंटा वाजत नाही, स्वयंपाकघरात दिवा लागतो. किती छान! आठवडाभर मी त्या दिव्याचीच वाट बघते.

आईला कळलं तर ती रागावणार नाही, त्याचीच भीती वाटते. ती दोन-दोन पाळ्या करते आणि मी दुपारभर घोरत पडते. ती गप्प बसेल आणि शनिवारी तिसराच कुठला तरी वर्ग लावून देईल. मग मला खरंच काही जमणार नाही गं.

लोभ ठेव, आणि दिवाण रिकामा ठेव.

तुझी,
खारू

१७ ऑगस्ट

चि. बबडीस,
आशीर्वाद.

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. अक्षरं इतकी ताठ उभी होती की राग ऐकूसुद्धा आला. आत्या असून एवढंही करत नाहीस, असं तू लिहिलंस. करते ना. तूच ये. येत्या शनिवारी रजा टाक, कॅमेरा आण, आणि जे दिसेल त्याचा फोटो तुझ्या हाताने काढ. त्यावर जो म्हणशील तो दाखला मी लिहून देईन, हा माझा शब्द.

खारूला मी हे सांगितलं आहे. तिचा चेहरा एवढासा झाला. मी तिला म्हटलं, तुझी आई बाहेरून फणस दिसते, पण तिला मी तिच्या फ्रॉकच्या वयापासून ओळखते.

मुलाखतीची आठवण तू काढलीस. त्यापुढचं तू विसरलीस की काय? परतीच्या बसमध्ये तू रडली नाहीस. माझ्या मांडीवर डोकं टाकलंस आणि शेवटच्या थांब्यापर्यंत झोपलीस. महिनाभर जागून अभ्यास केला होतास. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण मी हलले नाही. कंडक्टरलाही खुणेनेच तिकिटं दाखवली.

वाट बघते. जिना चढताना घाई करू नकोस.

तुझी,
आत्या

२८ ऑगस्ट

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी संध्याकाळी तू दचकून उठलीस आणि रात्रपाळीला उशीर होईल म्हणून पळालीस. काही बोलली असलीस तर मला ऐकू आलं नाही, आणि तोंड फिरवलंस म्हणून ओठही वाचता आले नाहीत. कॅमेरा इथेच विसरलीस. त्यातला एकुलता एक फोटो नाक्यावरच्या स्टुडिओतून छापून आणला, तो सोबत आहे.

तू आलीस तेव्हा खारू झोपलेली होती. तू दारातच थांबलीस. कॅमेरा डोळ्याला लावलास आणि खाली घेतलास. मग तिच्या पायातले बूट काढायला दिवाणाच्या कडेला बसलीस. एक बूट निघाला. दुसरा हातात धरूनच तू तिच्या पायाशी कलंडलीस. मी चहा घेऊन आले तर दोघी गाढ! शाल एकच होती, ती आडवी घातली. जन्मात कॅमेऱ्याला हात लावला नव्हता, तो लावला. माझा अंगठा कोपऱ्यात आला आहे, त्याकडे दुर्लक्ष कर.

शब्द दिला होता, म्हणून दाखलाही देते:

'दाखला देण्यात येतो की ही मुलगी गेली दोन वर्षं दर शनिवारी माझ्या घरी येऊन झोपते. या काळात तिने माझी कोणतीही सेवा केलेली नाही. मात्र ती यायची असली की मी सकाळीच केस विंचरून बसते. झोपेत सातत्य उत्तम. वर्तणूक चांगली. घोरते की नाही, हे सांगण्यास मी असमर्थ आहे.'

फाइलीच्या कुठल्या रकान्यात हा बसतो, ते तू बघ. लोभ तेवढा कुठल्याही रकान्यात घालू नकोस.

तुझी,
आत्या

५ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दाखला बाईंना दिला नाही. औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. दार उघडलं की हसू येतं, आणि गिऱ्हाईक चमकून बघतं.

खारूला मी फोनवर विचारलं की या सगळ्या वर्गांतलं काय काय सोडायचं आहे. ती म्हणाली की व्हायोलिन आणि पहाटेचं पोहणं. रोबो मात्र सोडणार नाही म्हणे, ते तिला झोपेतही दिसतात. बाई म्हणाल्या की फाइल हलकी पडेल, हव्या त्या कॉलेजात कदाचित जमणार नाही. मला भीती वाटते आत्या, खोटं कशाला सांगू. पण ते दोन्ही वर्ग मी बंद केले. समाजसेवेचा रकाना तुझ्या सिस्टरच्या हिशेबाने कोराच सोडला आहे.

यापुढे महिन्यातून एका शनिवारी मी रजा मागून घेतली आहे. औषध द्यायला, पेपर वाचायला किंवा हात धरायला येत नाहीये. आल्यावर मला उठवू नकोस.

दिवाणावर आम्ही दोघी मावतो, हे फोटोत दिसतंच आहे. शाल तेवढी आणखी एक काढून ठेव.

तुझी,
बबडी